बँकेच्या जागांचं मूल्यांकन करून देणाऱ्या सेवा: लेखा विभागाच्या नजरेतून परीक्षण

बँकेच्या स्वतःच्या शाखा, मुख्यालय, भाड्याने दिलेले मजले, वसुलीत ताब्यात आलेली घरं आणि गाळे या सगळ्यांची किंमत वर्षअखेरीला ठरवून देणाऱ्या सेवा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली प्रत्यक्ष पाहणीसह दिलेला पूर्ण अहवाल, दुसरी जागेवर न जाता कागदपत्रांवरून केलेला अहवाल, आणि तिसरी संगणकीय मॉडेलने एका फटक्यात हजारो जागांची काढलेली किंमत. तिघींचं माहितीपत्रक वाचलं तर फरक फक्त वेळेचा आणि शुल्काचा वाटतो. खरा फरक अहवाल लेखा विभागाच्या टेबलावर आल्यावर कळतो. म्हणून इथे कसोटी एकच ठेवली आहे: अहवाल हातात घेऊन, मूल्यांककाला परत फोन न करता, नावे-जमेची नोंद लिहिता येते का?

निष्कर्ष आधीच सांगतो. स्वतःच्या वापरातल्या इमारतींसाठी पूर्ण अहवालाला पर्याय नाही, पण तो मागणी नीट लिहून दिली तरच कामाचा होतो. कागदपत्रांवरचा अहवाल दोन पूर्ण मूल्यांकनांच्या मधल्या वर्षांत चालतो. संगणकीय मॉडेल घरकर्जांच्या तारणावर नजर ठेवायला फार चांगलं आहे. मुख्यालयाच्या किंवा शाखेच्या ताळेबंदातल्या किमतीसाठी ते वापरू नये.

आधी जागा कोणत्या खान्यात बसते ते ठरवा

मूल्यांकक जागेची किंमत काढतो. ती किंमत कुठे आणि कशी नोंदवायची हे जागेच्या वापरावर ठरतं. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत बँक स्वतः वापरत असलेली जागा आयएएस १६ मध्ये येते. भाड्यासाठी किंवा भाववाढीसाठी धरलेली जागा आयएएस ४० मध्ये जाते. विकायचं ठरवून बाजारात काढलेली जागा आयएफआरएस ५ खाली येते. भाड्याने घेतलेल्या शाखांचा हिशेब आयएफआरएस १६ प्रमाणे भाडेकरारावरून होतो, तिथे मूल्यांककाचं काम फारसं नसतं.

एकाच इमारतीचे मजले वेगवेगळ्या खान्यांत जाऊ शकतात. तळमजल्यावर शाखा आणि वरचे मजले भाड्याने दिलेले, असं असेल आणि ते मजले स्वतंत्रपणे विकता येण्यासारखे असतील, तर दोन भागांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. स्वतंत्र विकता येत नसतील, तर बँकेच्या वापरातला भाग नगण्य असेल तरच पूर्ण इमारत गुंतवणुकीची मालमत्ता ठरते. अहवालात संपूर्ण इमारतीचा एकच आकडा असेल तर हा निर्णय कागदावर उतरवताच येत नाही. आणि फरक छोटा नाही: आयएएस १६ मध्ये पुनर्मूल्यांकनाची पद्धत निवडली असेल तर वाढ नफा-तोटा खात्याला न शिवता थेट पुनर्मूल्यांकन राखीव निधीत (अशा वाढीसाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीत) जाते, तर आयएएस ४० मध्ये फेअर व्हॅल्यूची, म्हणजे आजच्या बाजारभावाने मोजण्याची, पद्धत निवडली असेल तर तीच वाढ त्या वर्षीच्या नफ्यात दिसते आणि घसारा अजिबात लागत नाही.

चांगली सेवा काम घेण्यापूर्वीच जागावार वापराचा तक्ता मागते. तो न मागता थेट दर सांगणारी सेवा आली, की पुढे त्रास होणार हे धरून चालावं.

पूर्ण अहवाल: जमीन आणि इमारतीची विभागणी

पूर्ण अहवालात सर्वांत मोलाची ओळ ही जमीन आणि इमारत वेगळी दाखवणारी असते, आणि नेमकी तीच बऱ्याच अहवालांत शेवटच्या पानावर घाईने भरलेली दिसते. तिचं वजन कळण्यासाठी एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे लाखांत, चलन कोणतंही धरा.

एका शाखेची मूळ किंमत १००. त्यात जमीन ४० आणि इमारत ६०. इमारतीचं आयुष्य ५० वर्षं, शिल्लक मूल्य शून्य, १० वर्षं झाली. वार्षिक घसारा १.२०, एकूण साचलेला घसारा १२. म्हणजे पुस्तकात जमीन ४०, इमारत ४८, मिळून ८८. आता नवा अहवाल म्हणतो किंमत १३०: जमीन ७६, इमारत ५४, उरलेलं आयुष्य ४० वर्षं.

नोंद अशी होते. साचलेला घसारा १२ नावे, इमारत १२ जमा. म्हणजे इमारतीचा आकडा ४८ वर येतो. मग इमारत ६ नावे, जमीन ३६ नावे आणि पुनर्मूल्यांकन राखीव निधी ४२ जमा. कराचा दर २५ टक्के धरला तर त्या ४२ मधून १०.५ स्थगित कराच्या, म्हणजे पुढे कधीतरी भरायच्या कराच्या, देणीकडे जातात आणि निधीत ३१.५ उरतात. इमारतीचा नवा घसारा ५४ भागिले ४०, म्हणजे १.३५. जुन्या घसाऱ्यापेक्षा तो ०.१५ ने जास्त आहे. हा फरक, करानंतर ०.११२५, दरवर्षी राखीव निधीतून साचलेल्या नफ्यात वळवता येतो. तो नफा-तोटा खात्यातून फिरवायचा नाही, एका राखीव निधीतून दुसऱ्यात थेट न्यायचा.

आता तोच १३० चा आकडा, पण विभागणी आळसाने केलेली: जमीन जुन्याच ४० वर ठेवली आणि उरलेले ९० इमारतीवर टाकले. घसारा ९० भागिले ४०, म्हणजे २.२५. योग्य घसाऱ्यापेक्षा दरवर्षी ०.९० जास्त, तेही पुढची ४० वर्षं. एकूण किंमत अचूक असूनही बँकेचा नफा दरवर्षी कमी दिसत राहील. अशा शंभर शाखा असतील तर परिणाम लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय अनेक करप्रणालींत जमिनीच्या विक्रीवरचा कर आणि व्यवसायाच्या उत्पन्नावरचा कर वेगळ्या दराने लागतो. जमिनीवर घसारा नसल्याने तिच्यावरचा स्थगित कर विक्रीच्या दरानेच मोजायचा असतो. विभागणी चुकली की तोही चुकतो.

घसारा काढून टाकण्याऐवजी काही बँका मूळ किंमत आणि साचलेला घसारा दोन्ही प्रमाणात वाढवतात. वरच्या उदाहरणात इमारत ४८ वरून ५४ झाली, म्हणजे गुणक १.१२५. मूळ किंमत ६०ची ६७.५ आणि घसारा १२चा १३.५ होतो. दोन्ही पद्धती मान्य आहेत. फक्त अहवाल कोणत्या पद्धतीला पुरेल हे आधी सांगायला हवं. कारण दुसऱ्या पद्धतीत मूल्यांकक कधी आजच्या बांधकाम खर्चावरून घसारा वजा होण्याआधीचा आकडा देतो आणि तो प्रमाणात आलेल्या आकड्याशी जुळत नाही.

किंमत उतरते तेव्हा

पूर्ण अहवालाचा खरा कस तीन वर्षांनी लागतो. तोपर्यंत इमारत ५४ वजा तीन वर्षांचा घसारा ४.०५, म्हणजे ४९.९५ वर आली आहे. नवी किंमत: जमीन ५८, इमारत ४७. कराआधीचे आकडे पाहू. जमिनीत १८ ची घट. तिच्या नावावर निधीत ३६ आहेत, तेवढी घट तिथूनच भागते. इमारतीत २.९५ ची घट. तिच्या ६ मधून ०.४५ वळते झालेत, ५.५५ उरलेत, त्यातून भागून २.६० शिल्लक. नफ्याला धक्का नाही. पण जमीन ३६ पर्यंत घसरली असती, तर ४० च्या घटीतले ३६ निधीतून गेले असते आणि ४ नफा-तोटा खात्यावर पडले असते.

यासाठी निधीचा हिशेब जागावार ठेवावा लागतो. एका शाखेत २० वाढले आणि दुसऱ्या शाखेत, जिच्या नावावर निधीत काहीच नाही, १५ घटले, तर निव्वळ ५ अशी नोंद करता येत नाही. २० निधीत जातात आणि १५ तोट्यात. अनेक सेवा शेवटी एक सुंदर गोषवारा देतात ज्यात फक्त निव्वळ वाढ असते. तो संचालक मंडळापुढे ठेवायला ठीक आहे, पण नोंदीसाठी त्याचा उपयोग नाही. प्रत्येक मालमत्तेला बँकेच्या मालमत्ता नोंदवहीतला क्रमांकच लावलेला तक्ता मागा. मूल्यांककाने आपला स्वतंत्र क्रमांक दिला की जुळवणीत आठवडा जातो.

आणि पुनर्मूल्यांकन निवडलं की त्या संपूर्ण वर्गाचं करावं लागतं. वाढलेल्या चार इमारती निवडून पडलेल्या दोन मागे ठेवता येत नाहीत. किमती फार हलत नसतील तर तीन ते पाच वर्षांनी पुनर्मूल्यांकन पुरतं, भाव वेगाने बदलत असतील तर दरवर्षी करावं लागतं. अमेरिकी लेखामानकांत ही सोयच नाही. वापरातल्या इमारतीची किंमत फक्त खाली आणता येते, वर नेता येत नाही. त्यामुळे दोन देशांतल्या बँकांचे ताळेबंद शेजारी ठेवताना इमारतींचे आकडे थेट ताडून पाहणं फसवं ठरतं.

पूर्ण अहवालात नेमकं काय बिघडतं

सर्वांत जास्त दिसणारी चूक दुहेरी मोजणीची. बँकेच्या नोंदवहीत लिफ्ट, वातानुकूलन, जनरेटर, तिजोरीची खोली हे वेगळे घटक म्हणून, कमी आयुष्याने नोंदलेले असतात. मूल्यांकक इमारतीची किंमत काढताना हे सगळं आतच धरतो. लेखा विभाग नवी किंमत इमारतीला लावतो आणि लिफ्ट जुन्या आकड्यावर तशीच राहते. दोनदा मोजलेली लिफ्ट ताळेबंदात वर्षानुवर्षं बसून राहते. उपाय सोपा आहे: पाहणीपूर्वी नोंदवहीतल्या घटकांची यादी द्यायची आणि अहवालात "यात धरलेले" आणि "यात न धरलेले" असे दोन रकाने मागायचे.

दुसरी चूक गृहीतकाची. बँकेची शाखा स्वतःच्याच ताब्यात असताना काही अहवाल बँकच दीर्घ मुदतीची भाडेकरू आहे असं समजून, भाड्याचा प्रवाह धरून किंमत काढतात. नामांकित भाडेकरू कागदावर आला की किंमत फुगते. स्वतःच्या वापरातल्या जागेची किंमत ती जागा रिकामी मिळेल असं धरूनच तपासावी, आणि ते गृहीतक अहवालात स्पष्ट लिहिलेलं असावं.

क्षेत्रफळाचा घोळ जुनाच आहे. भाव बांधीव क्षेत्राचा आणि गुणाकार चटईक्षेत्राने, किंवा उलट. अहवालात तुलनेसाठी घेतलेल्या व्यवहारांचं क्षेत्रफळ कोणत्या मोजमापाचं आहे हे प्रत्येक ओळीत हवं, तळटीपेत नाही. तुलनेचे व्यवहार जुने असतील तर तारखेसाठी केलेलं समायोजन आणि त्याचं कारणही त्याच ओळीत यायला हवं.

तारखांबद्दल: पाहणीची तारीख, मूल्यांकनाची तारीख आणि अहवालाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ताळेबंदाला मधली लागते. पाहणी दोन महिने आधी झाली तर चालतं, पण दरम्यान काही बदललं नाही असं मूल्यांककाने लिहून द्यावं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. आयएफआरएस १३ प्रमाणे फेअर व्हॅल्यूतून विक्रीचा खर्च वजा करायचा नसतो. आयएफआरएस ५ प्रमाणे विक्रीसाठी काढलेल्या जागेत तो वजा करावाच लागतो. म्हणून अहवालात खर्चाआधीचा आणि खर्चानंतरचा असे दोन्ही आकडे असावेत. विक्रीच्या खान्यात गेल्यावर घसारा थांबतो आणि साधारण वर्षभरात विक्री अपेक्षित असते. घसारा चालूच ठेवण्याची चूक प्रणालीतली खूण बदलायची राहिल्याने होते. हा दोष मूल्यांककाचा नाही, पण त्याचा अहवाल ही आठवण देणारा शेवटचा कागद असतो.

भाड्याच्या उत्पन्नावरून काढलेली किंमत किती नाजूक असते हे पाहण्यासाठी: वार्षिक निव्वळ भाडं ८ आणि अपेक्षित परतावा ८ टक्के, तर किंमत १००. परतावा ८.५ टक्के धरला तर ९४.१, ७.५ टक्के धरला तर १०६.७. अर्ध्या टक्क्याने सहा-सात लाख इकडचे तिकडे. बँकांच्या बहुतेक इमारतींची किंमत फेअर व्हॅल्यूच्या तिसऱ्या स्तरात बसते, म्हणजे परताव्यासारखे महत्त्वाचे आकडे बाजारात थेट दिसत नाहीत आणि ते कोणते धरले हे वार्षिक अहवालात सांगावं लागतं. जो मूल्यांकक परतावा का निवडला हे दोन परिच्छेदांत समजावतो, त्याचे पैसे वसूल होतात. "स्थानिक बाजाराचा अनुभव लक्षात घेता" एवढ्यावर थांबणारा अहवाल लेखापरीक्षकाकडून परत येतोच.

कागदपत्रांवरचा अहवाल आणि संगणकीय मॉडेल

कागदपत्रांवरचा अहवाल मधल्या वर्षात "किंमत फार हलली का" एवढाच प्रश्न विचारण्यासाठी घ्यावा. उत्तर "हलली" असं आलं तर पूर्ण अहवालाकडे जायचं. शाखा बंद झाली, मजला रिकामा पडला, मोठी दुरुस्ती झाली, तर हा प्रकार वापरू नये. जागेवर न जाता हे बदल किमतीत येत नाहीत. मूळ किमतीची पद्धत वापरणाऱ्या बँकेलाही अशा वेळी इम्पेअरमेंटची, म्हणजे पुस्तकातली किंमत वसूल होईल का याची, तपासणी करावी लागते, आणि तिथेही प्रत्यक्ष पाहणीच उपयोगी पडते.

संगणकीय मॉडेलचं बळ संख्येत आहे. एकसारख्या सदनिका, भरपूर नोंदलेले व्यवहार, अशा ठिकाणी ते झटपट आणि सुसंगत किंमत देतं. सेवा निवडताना सरासरी अचूकता विचारू नका. प्रत्येक किमतीसोबत विश्वासार्हतेचा आकडा मिळतो का आणि तो कमी असेल तेव्हा मॉडेल किंमत द्यायला नकार देतं का, हे विचारा. नकार देणारं मॉडेल जास्त भरवशाचं. शाखेची इमारत, तिजोरी असलेला तळमजला, अर्धी भाड्याने दिलेली वास्तू यांना तुलनेचे व्यवहारच थोडे मिळतात, म्हणून तिथे ते पांगळं पडतं.

तारण आणि ताब्यातली जागा: बाजारभावाने फसू नये

आयएफआरएस ९ प्रमाणे अपेक्षित तोटा काढताना तारणाची फक्त आजची किंमत पुरत नाही. ती कधी आणि किती खर्चानंतर हातात येईल हे लागतं. कर्ज ८०, जागेचा बाजारभाव ९०. वरवर पाहिलं तर कर्ज सुरक्षित. पण ताबा आणि विक्रीचा खर्च ६ टक्के, म्हणजे ५.४ वजा, उरले ८४.६. विक्रीला दोन वर्षं लागणार आणि कर्जाचा प्रभावी व्याजदर १० टक्के, तर आजचं मूल्य ८४.६ भागिले १.२१, म्हणजे ६९.९२. तूट १०.०८. ही एका परिस्थितीची तूट झाली; भाव पडण्याची आणि वेळ लांबण्याची परिस्थिती धरून भारित सरासरी काढायची असते. म्हणून तारणासाठी सेवा घेताना बाजारभावासोबत विक्रीला लागणारा अंदाजे काळ आणि खर्चाची टक्केवारी मागावी. हे देणाऱ्या सेवा कमी आहेत, आणि देणारी सापडली तर थोडं जास्त शुल्क देणं योग्यच आहे.

नियामकाची किंमत पुन्हा वेगळी. बासल समितीच्या (बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या समितीच्या) २०१७ च्या अंतिम सुधारणांत तारणाची किंमत भाववाढीची अपेक्षा वगळून, सावधपणे काढायला सांगितली आहे, आणि मूळ चौकटीत कर्ज-मूल्य प्रमाणासाठी कर्ज देतानाचीच किंमत कायम धरली जाते. ती खाली आणली असेल तर पुन्हा वर नेता येते, पण मूळ किमतीपलीकडे नाही. जागेत किंमत निर्विवाद वाढवणारी सुधारणा झाली असेल तर गोष्ट वेगळी. पुनर्मूल्यांकन निधी भांडवलात किती धरायचा हेही प्रत्येक नियामक आपापलं ठरवतो. त्यामुळे एकाच जागेचे लेखा, तारण आणि भांडवल यांसाठी वेगळे आकडे असणं ही विसंगती नाही. विसंगती तेव्हा होते, जेव्हा कर्ज देण्याच्या उद्देशाने घेतलेला अहवाल ताळेबंदात वापरला जातो. म्हणून पहिल्या पानावरचं उद्देशाचं कलम वाचायचं.

करार करताना

शुल्क किमतीच्या टक्केवारीत असेल तर ती सेवा घेऊ नये. जास्त किंमत काढण्यात मूल्यांककाचाच फायदा राहतो. शुल्क जागेच्या प्रकारावर आणि संख्येवर ठरवा. मसुदा आणि अंतिम अहवाल यांत आकडा बदलला तर त्याचं लेखी कारण मिळेल अशी अट घाला आणि मसुदा जपून ठेवा, कारण लेखापरीक्षक तो मागतो. प्रत्येक मालमत्तेसाठी एका ओळीत जमीन, इमारत, उरलेलं आयुष्य, मूल्यांकनाची तारीख, पद्धत, महत्त्वाचं गृहीतक, धरलेले घटक आणि विक्रीखर्च देणारा एक्सेल तक्ता हा कराराचाच भाग असू द्या, नुसत्या पीडीएफवर मान्यता देऊ नका. शुल्काचा शेवटचा हप्ता लेखापरीक्षकाच्या शंकांची उत्तरं मिळेपर्यंत रोखून ठेवण्याचं कलमही आधीच घाला. अहवाल सुपूर्द झाल्यावर ते कोणी मान्य करत नाही.